मामीने मोजलेली मोटारसायकल

आमच्या घिवलीच्या मामीइतके प्रश्न विचारणारं माणूस पालघर जिल्ह्यात दुसरं नाही. असलंच, तर मामीने त्याला एव्हाना गाठून "तू एवढे प्रश्न का विचारतोस?" असं विचारून गप्प केलं असेल. मामीने कुंभवलीजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, तीस वर्षं नोकरी केली. काम एकच : उभ्या काचेच्या नळीतून थेंब थेंब द्रव खाली सोडायचा, खालच्या पाण्याला जरासा गुलाबी रंग आला की थांबायचं, आणि नळीवरची रेघ वाचायची. एक थेंब जास्त पडला की सगळं पहिल्यापासून. या नोकरीने तिच्या हाताला थेंबाची आणि डोळ्याला रेघेची सवय लावली. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने शाल दिली, श्रीफळ दिलं. सवय मात्र परत मागून घ्यायची राहिली. त्याचे परिणाम सगळ्या घिवलीने भोगले. एका लग्नात तिने होम चालू असताना भटजींना विचारलं होतं, "एका स्वाहाला पळीभर तूप म्हणजे नक्की किती ग्रॅम?" भटजी मंत्र विसरले. वाडीतले चिकू व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढत असताना ही खाली बसून एकेक चिकू फोडून त्यातल्या बिया मोजत होती, कारण मोठ्या चिकूत बिया जास्त असतात का, हे म्हणे आजवर कुणी नीट पाहिलेलं नाही. मामा बिचारे मितभाषी. ते फक्त म्हणाले, "अगो, निदान खाऊन तरी मोज."

मामीचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, व्यापारी जहाजावर आहे. नऊ महिने समुद्रात, तीन महिने घरी. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आला तेव्हा त्याने सहाशे सीसीची, चार सिलिंडरची मोटारसायकल घेतली. काळी, पुढून नाकेली, मागचं शेपूट वर उचललेलं. उभी असली तरी पळत असल्यासारखी दिसायची. तिने ओटीपुढे पहिल्यांदा आवाज काढला तेव्हा माडावरचे कावळे उडाले आणि शेजारच्या काकी कसला स्फोट झाला ते बघायला बाहेर आल्या. सगळे गाडीभोवती गोळा झाले. कुणी पिकअप विचारला, कुणी टॉप स्पीड. मामी हात पुसत आली, गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, "किती देते?"

सगळे हसले. मामेभाऊही हसला. "आई, असल्या गाडीचं एव्हरेज विचारायचं नसतं."

"का?"

"नाही विचारत कोणी."

विषय तिथे संपायला हवा होता. पण पुढच्या रविवारी मी गेलो तर मामी मला बाजूला घेऊन सांगू लागली, "तीस वर्षं नोकरी केली. 'हे मोजता येत नाय' असं सांगणारे साहेब भेटले. 'हे मोजायचं नसतं' असं सांगणारा हा पहिलाच, आणि तो पण माझ्या पोटचा." पहिल्या सर्व्हिसिंगला ती मुलाबरोबर बोईसरच्या गॅरेजमध्ये गेली आणि तिथल्या मेस्त्रीला तोच प्रश्न टाकला. मेस्त्री उत्तरेकडचा, मोठा अदबीचा माणूस. तो म्हणाला, "मॅडम, हाथी पालनेवाले घास नहीं गिनते." मामीने आपल्या ठेवणीतल्या हिंदीत उत्तर दिलं, "हाथीवालाच तो पयले घास गिनता है, भाऊ. नाय गिना तो हाथी भूखा मरेगा." मेस्त्रीने हातातला पाना खाली ठेवून तिला नमस्कार केला, असं मामेभाऊ सांगतो.

सुट्टी संपली, मामेभाऊ जहाजावर गेला. जाताना मामांना सांगून गेला, आठवड्यातून एकदा गाडी चालू करायची, बॅटरी उतरायला नको. मारक्या बैलाला बिचकावं तसे मामा त्या गाडीला बिचकत; मागून जात नसत. तेव्हा हे काम मामीकडे आलं, आणि मामीने त्यासाठी मला धरलं. मी पालघरला सरकारी कचेरीत कारकून. रविवारी सुट्टी असते, हा माझा गुन्हा. मी चालवायचं आणि मामीने मागे बसायचं, हातात वही, वहीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. मी तिला म्हटलं होतं, "मामी, मीटरवरच एव्हरेजचा आकडा दिसतो की. कशाला एवढा खटाटोप?" ती म्हणाली, "आरोपीलाच साक्षीदार करायचं काय?"

तिची पद्धत अशी. टाकी दर वेळी एकाच पंपावर, एकाच नळीने, गळ्याच्या खालच्या एका ठरावीक खुणेपर्यंत भरायची. गाडी एका बाजूच्या स्टँडवर तिरकी उभी राहते, म्हणजे पेट्रोलही तिरकं राहणार. म्हणून मी गाडी दोन्ही हातांनी सरळ धरायची आणि मामीने गवंड्याचा ओळंबा हँडलला लावून ती खरोखर सरळ आहे का ते बघायचं. दोनशे किलोची गाडी. माझे दंड थरथरायला लागले की ओळंबाही थरथरे, आणि मामी म्हणे, "हलू नको, रीडिंग जातंय." मागे रिक्षांची रांग लागलेली. पहिल्याच दिवशी तिने पंपाचं पाच लिटरचं तपासणीचं माप मागून घेतलं आणि पाच लिटर त्यात ओतून पाहिलं. रेघ तंतोतंत जुळली. पंपावरच्या माणसाने विजयी मुद्रेने पाहिलं, तर मामीने त्याच्या पाठीवर थाप मारली, "शाब्बास! आता तुज्यावर माझा भरवसा." तो माणूस त्यानंतर आम्हाला रांगेत पुढे घेऊ लागला, भरवशामुळे की आम्ही लवकर जावं म्हणून, ते कळलं नाही.

मग निघायचं. बोईसरहून उमरोळीवरून पालघर आणि परत. एका रविवारी पन्नासच्या वेगाने, पुढच्या रविवारी साठ, मग सत्तर. वेग ठरला की तो हलता कामा नये. पुढे म्हैस आली तरी मामीच्या मते चूक माझी. एकदा पालघरलाही टाकी भरून पाहिली, तर जाताना एव्हरेज चांगलं आणि येताना वाईट; तिने परतीच्या रस्त्याच्या चढावर संशय घेतला. चढ सापडेना. दोन रविवार विचार केल्यावर एका दुपारी गाडी थांबवायला लावून तिने ओढणी हवेत धरली. ओढणी दक्षिणेकडे, पालघरच्या दिशेने फडफडली. खाडीवरचा वारा जाताना मागून आणि येताना समोरून, किंवा दिवस पाहून उलटं. तेव्हापासून जाणं आणि येणं मिळूनच आकडा धरायचा, असा नियम झाला. आणि ओढणीही वारा अडवते म्हणून ती त्या दिवसापासून घरी ठेवायची ठरली. टायरची हवा सकाळी, गाडी गार असतानाच मोजायची. एकच वेग तिसऱ्या गिअरमध्ये आणि सहाव्या गिअरमध्ये चालवून बघायचा. तिसऱ्यात इंजिन नुसतं ओरडतं आणि पेट्रोल पितं, सहाव्यात गुणगुणत जातं, वेग तोच. "ओरडणारा जास्त खातो," मामीने मामांकडे बघून सांगितलं. मामा आयुष्यात कधी ओरडले नव्हते, तरी त्यांनी त्या दिवशी पोळी एक कमी घेतली.

चार महिन्यांत आलेखाचा कागद भरला. मला वाटलं होतं, जितकं हळू तितकं एव्हरेज जास्त. तसं नव्हतं. शिफ्ट सुटताना बोईसरच्या गर्दीत रांगत गेलं की गाडी लिटरला जेमतेम चौदा द्यायची. मोकळ्या रस्त्यावर साठाच्या आसपास पंचवीस. ऐंशीला बावीस. त्याच्या पुढे मला धीर नव्हता, म्हणून तिथे कागद कोरा होता. पण रेघेचा कल खाली होता आणि ती उतरत कुठे जाणार, ते मामीने ठिपक्याठिपक्यांनी काढून ठेवलं होतं. तो कागद ती कितीतरी वेळ बघत बसायची. एवढ्या माजोरड्या गाडीला साठाचा संथ वेग आवडतो, याचं तिला फार नवल वाटलं होतं. "म्हणजे हिला पण घाई नाय," ती म्हणाली. "घाई वर बसणाऱ्याला."

माझ्या हातून वेग स्थिर राहत नाही, या सबबीवर एके दिवशी मामीने हँडल स्वतःकडे घेतलं. मी कायद्याची भीती घातली. तिने कपाटातून लायसन काढलं. ऐन तरुणपणी ती गिअरच्या स्कूटरवर कारखान्यात जायची. तेव्हाचं ते लायसन, वेळोवेळी नूतनीकरण केलेलं, अगदी शाबूत. पाय टेकेनात, तर चिंचणीच्या चांभाराकडून बुटांना रबराचा जाड तळ लावून घेतला. पहिले पंधरा दिवस वाडीतल्या वाटेवर माडांच्या मधून. एकदा आडवी झाली. गाडी केळीवर आणि मामी गवतावर. मामा धावत आले तर ती पडल्या पडल्या म्हणाली, "पेट्रोल सांडलं काय बघा आधी, आजचं रीडिंग गेलं."

अठ्ठावन्न वर्षांची बाई तसल्या गाडीवर सरळ ताठ बसून साठाच्या वेगाने जाताना पाहून बोईसरमध्ये माणसं थबकायची. एकदा नाक्यावर पोलिसाने थांबवलं. मी मागे बसलेलो. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मामीकडे.

"काकी, गाडी कुणाची?"

"पोराची."

"पोरगा कुठाय?"

"समुद्रात," मामी म्हणाली.

पोलिसाचा चेहरा उतरला. त्याने कागद न बघताच परत केले आणि हळू आवाजात "या तुम्ही" म्हणाला. "अहो, जहाजावर आहे! जहाजावर!" मी मागून ओरडलो, पण मामीने गाडी काढली होती.

पुढच्या वर्षी मामेभाऊ सुट्टीवर आला. आईने आपल्या गाडीवर काय काय उद्योग केले ते ऐकून तो आधी पोट धरून हसला. मग आलेखाचा कागद उजेडाकडे धरून नीट बघितला आणि म्हणाला, "आई, हे भारी आहे." मामीचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, सगळ्या खटाटोपाचं सार्थक झालं. पण खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते.

त्या रविवारी तो पहाटे मित्रांबरोबर फिरायला गेला. चिल्हार फाट्यावरून हायवेला लागायचं, तलासरीच्या पुढे जाऊन परत. आदल्या दिवशी मामीने टाकी खुणेपर्यंत भरून ठेवली होती, नेहमीच्या सवयीने. जेवायच्या वेळेला तो परत आला, प्रसन्न, भुकेला. मी तिथेच होतो. मामीने भात वाढता वाढता विचारलं, "वेगात नाय ना गेलास?"

"नाही गं. आरामात. ऐंशीच्या वर काटा नेला नाही."

मामीने त्याला आणखी भात वाढला. जेवण झालं, तो झोपला. मामीने मला खूण केली. आम्ही गाडी पंपावर नेली, मी सरळ धरली, ओळंबा लावला. टाकीत जवळजवळ तेरा लिटर मावलं. किलोमीटर दीडशेच्या आतबाहेर. मामीने वहीवर भागाकार केला, पुन्हा केला, मग माझ्याकडून करून घेतला. साडेअकरा. तिने पेन्सिल त्या ठिपक्यांच्या रेघेवरून खाली खाली नेली आणि ती जिथे टेकली तिथे कितीतरी वेळ तशीच धरून ठेवली. ऐंशीला बावीस देणारी गाडी साडेअकरा कधी देते, ते तिला कागदावर दिसत होतं. मला तिच्या चेहऱ्यावर.

संध्याकाळी चहाला तिने फक्त आकडा सांगितला. "साडेअकरा."

मामेभावाला कळायला क्षणभर लागला. मग तो लाल झाला. "आई, तू माझ्यावर पाळत ठेवतेस?"

"मी गाडीला विचारलं."

"मला विचारायचंस!"

"तुला विचारलं होतं, पोरा. भात वाढताना."

तो उठून गेला. दोन दिवस घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही. मामा आयुष्यात पहिल्यांदा मामीवर चिडले. "पोर नऊ महिन्यांनी घरी आलंय, आणि तू त्याला भागाकार दाखवतेस? तरुण हाय. चालवणारच. तुला हे कळून काय मिळालं?" तिने वही कपाटात ठेवली आणि दिवसभर वाडीत पाणी घालत राहिली. मला तिने एकदाच विचारलं, "मी चुकले काय रे?" इतक्या वर्षांत तिने मला विचारलेल्या हजारो प्रश्नांपैकी या एकाचं उत्तर तिला खरोखर माझ्याकडून हवं होतं, आणि नेमकं तेच मला देता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती मुलापुढे हेल्मेट घेऊन उभी राहिली. "मला मागं बसव. आणि तू जसा जातोस तसा ने. मला बघायचं हाय तिथं काय असतं ते."

तो नको नको म्हणाला. ती हलेना. शेवटी दोघं निघाले. मी आणि मामा माझ्या स्कूटरवरून मागोमाग गेलो आणि चिल्हार फाट्याच्या चहाच्या टपरीवर बसलो. ते हायवेला लागले आणि बघता बघता दिसेनासे झाले. मामांनी दोन चहा मागवले आणि दोन्ही तसेच गार होऊ दिले. दर ट्रकच्या आवाजाला ते मान वळवत. अर्ध्या तासाने ती काळी गाडी परत आली, आणि मी पाहिलं तर ती आली हळूहळू, सायकलसारखी.

मामी उतरली. हेल्मेटचा पट्टा तिला सुटेना. मामेभावाने गाडी लावून तो सोडवला. मामीचे केस घामाने कपाळाला चिकटले होते आणि डोळ्यांत पाणी होतं. ते वाऱ्याचं होतं की कशाचं, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. बाकावर बसून तिने मामांचा गार चहा एका दमात प्यायला.

"छान पळते रे," ती म्हणाली. "सगळं बाजूला होतं. झाडं, ट्रक, सगळं. डोक्यात काय राहतच नाय." मग म्हणाली, "पण हे तुझ्यासारखं नव्हतं. मी काटा बघत होते. शंभराच्या पुढं तू नेलीच नाय."

मामेभाऊ जमिनीकडे बघत होता. "नाही नेता आली."

"का?"

"तू मागे होतीस."

टपरीवाल्याने पुन्हा चहा आणून ठेवला. मामा एकदम उठले आणि उगाचच गाडीचे टायर दाबून बघू लागले. त्या गाडीला त्यांनी पहिल्यांदाच हात लावला असेल. घरी येताना पंप लागला. मी सवयीने विचारलं, "मामी, टाकी भरून बघायची?" ती म्हणाली, "नको. आज दोघं बसलो होतो, वजन वेगळं. तो आकडा धरता येणार नाय."

त्या सुट्टीत तो नंतरही गाडी घेऊन जातच राहिला. एकदम शहाणा झाला, असं काही घडलं नाही. पण परत आला की टाकी मोजायच्या आधीच आईला सांगू लागला. "आज वीस निघेल." "आज एकोणीस." एकदा शर्ट काढता काढता म्हणाला, "आई, आज चौदा धर. मनोरच्या अलीकडे रस्ता मोकळा मिळाला, राहवलं नाही." मामी स्वयंपाकघरातून "बरं" म्हणाली. एवढंच. पण त्या "बरं"मध्ये काय होतं ते ऐकायला मी मुद्दाम दाराशी गेलो होतो. ती विळीपाशी पाठमोरी बसली होती, आणि नारळ खवायचा हात थांबला होता. मग पुन्हा चालू झाला. पुढचे आकडे हळूहळू वर चढले. का, ते मी त्याला विचारलं नाही, मामीनेही नाही.

आता तो पुन्हा जहाजावर आहे. मामीच्या गुडघ्यांनी हल्ली तक्रार सुरू केली आहे, त्यामुळे गाडी दर रविवारी निघत नाही. गेल्या महिन्यात निघाली. मी मागे बसलो. घिवलीहून किनाऱ्याकडच्या रस्त्याने जाताना तिने एका ठिकाणी सुरूंच्या कडेला गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. भरती होती. लांब, पाणी आणि आभाळ मिळतं तिथे एक बोट होती. मोठी की छोटी, इथून कळत नव्हतं. मामी बराच वेळ बघत राहिली.

"काल फोन आला होता त्याचा," ती म्हणाली. "मी विचारलं, समुद्र कसा हाय? म्हणतो, बरा हाय. वारा? बरा हाय. जेवण? बरं हाय. तू? बरा हाय." तिने टाकीवर हात ठेवला; गरम होती तरी ठेवला. "गाडीवरून आला की मला कळायचं रे, कसा गेला ते. जहाजावरून येतो, पण ते जहाज काय माझ्या दारात येत नाय."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "मामी, आजकालची जहाजं फार भक्कम असतात."

"किती?" तिने विचारलं. पण विचारतानाही ती समुद्राकडेच बघत होती, आणि उत्तरासाठी तिने माझ्याकडे मान वळवली नाही. थोड्या वेळाने तिने हेल्मेट चढवलं, पट्टा ओढून बघितला, आणि मला म्हणाली, "नीट धरून बस."